आईची जॉर्जेटची साडी

महाल भागातल्या आमच्या शिंपीणबाई माणसांशी फार बोलत नाहीत. जॉर्जेट मात्र सुईखालून निसटू लागली, की खाली वर्तमानपत्राचा कागद घालून तिलाच म्हणतात, "थांब वं, पळू नको."

आई गेल्यावर तिची साडी मी लेकीच्या फ्रॉकसाठी त्यांच्याकडे नेली. त्यांनी ती नाकाजवळ धरली. "धुतली नाही न, ताई?"

"नाही," मी म्हटलं.

फ्रॉक मिळाला तेव्हा शिवण सरळ होती, पण कापड चुरगळलेलं होतं.

"इस्त्री नाही केली?"

"गरम इस्त्रीनं मायचा वास जाते," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाले लागन तो."

फ्रॉक तोंडाशी धरून मी आई गेल्यापासून पहिल्यांदाच रडले. त्यांनी उठून दुकानाचं दार लोटून घेतलं.