दोन तळहातांवर दोन फोन

रस्त्यात खड्डा आला की मला अजून ते गृहस्थ आठवतात. घनसावंगीहून निघालेल्या जीपमध्ये ते दोन फोन तळहातांवर एकमेकांजवळ धरून बसले होते. जुन्या अँड्रॉइडमधलं सगळं मुलाने दिलेल्या आयफोनमध्ये उतरत होतं. प्रत्येक धक्क्याला ते श्वास रोखत.

“फोटो आहेत का?” मी विचारलं.

“न्हाई. हिचा आवाज हाय, गळ्याच्या ऑपरेशनआधीचा. जुना फोन आज बंद पडतो का उद्या. मधीच तुटलं तर मंग कुठून आणू?”

शेजारी गळ्याला रुमाल बांधलेली त्यांची बायको नव्या फोनकडे बघत होती.

शेवटी नव्या फोनवर काम पूर्ण झाल्याचं दिसलं.

“ऐकून बघा की,” मी म्हणालो.

त्यांचं बोट पडद्याजवळ जाऊन थांबलं. “आणि नसला तर?”

बायकोने घाईने पडदा तळहाताने झाकला आणि नको म्हणून मान हलवली.