गुलिस्तानचा तह आणि काकीच्या दोन बांध्या

आमच्या घरात मी इराणचं नाव काढलं की मुलं भराभर ताटावरून उठतात. बायको तेवढी बसून राहते, कारण तिला खरकटं काढायचं असतं. दोष त्यांचा नाही. एकोणिसाव्या शतकात इराणनं परक्या राज्यांशी जे तह केले, त्यांवर मी जेवढं बोललो आहे तेवढं खुद्द शाहचे वकीलही बोलले नसतील. पण एका तहाबद्दल मी घरात कधी बोललो नाही. तो आरमोरीजवळ आमच्या गावात झाला, आणि त्याचा मसुदा मीच लिहिला होता.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी आरमोरीला शाळामास्तर होतो आणि बाहेरून एम.ए.ला बसलो होतो. त्याशिवाय हेडमास्तर होता येत नाही असं मला कुणीतरी सांगितलं होतं. (एम.ए. झालो. हेडमास्तर अजून व्हायचा आहे.) एका पेपरात आशियातले तह होते, आणि त्यातल्या इराणवरचं पुस्तक चांद्यापासून वडशापर्यंत कुणाजवळ नव्हतं. एक माणूस मात्र होता. फारशी घेणारी पोरं संपली म्हणून ज्यांची नोकरी संपली, असे आरमोरीतलेच म्हातारे फारशीमास्तर. शाळा सुटली की मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचो. ते खाटेवर पाय वर घेऊन एकेक तह सांगायचे, आणि दर तहाला इराण थोडा लहान होत जायचा.

"फ्रान्सच्या बादशहानं शाहला लिहून देल्लं," ते सांगायचे, "का जॉर्जिया तुमचाच हाय, रशियाकडून आम्ही काढून देऊ. आन् दोन महिन्यांत त्याच रशियाच्या गळ्यात गळा घातला. शाहच्या हातात काय राह्यलं? कागद."

मग गुलिस्तानचा तह. रशियाशी लढून लढून इराण थकला होता. इंग्रजांचा वकील मध्ये पडला. ज्याच्या ताब्यात आज जो मुलूख आहे तो त्याच्याकडे राहावा, असं ठरलं. इराणी कुरकुरले. तेव्हा वकील म्हणाला, आत्ता सही करा, थोडा मुलूख परत मिळावा म्हणून मी रशियाच्या दरबारात शब्द टाकतो. सही झाली, वकील निघून गेला, मुलूख काही परत आला नाही. हद्दीचा घोळ तसाच राहिला, त्यातून दुसरं युद्ध पेटलं आणि तुर्कमानचायच्या तहात आणखी मुलूख गेला.

"तह वाचताना आधी काय पाहावं, गुरुजी?" त्यांनी एकदा मला विचारलं.

"कलमं," मी म्हटलं.

"नाई. सही झाली त्या दिवशी फौज कुठी उभी होती, ते पाहावं."

मी ते वहीत उतरवून घेतलं. खाली दोन रेघाही मारल्या. माझं शिक्षण हे असं वहीतच राहिलेलं आहे.

त्या साली दसऱ्याच्या सुट्टीत गावी गेलो तर घरातच युद्ध उभं. आमच्या चुलत्याची विधवा, माझी काकी, हिच्या दोन बांध्या, म्हणजे धानाची दोन लहान शेतं, तलावाच्या पाटाच्या अगदी शेवटी होत्या. मूलबाळ नव्हतं. त्या दोन बांध्यांचं धान हाच तिचा आधार. त्यावर तिची वेगळी चूल आणि एक गाय चालत होती. कुणाच्या दारात ताट घेऊन बसायचं नाही, एवढंच तिचं आयुष्यात म्हणणं होतं. गावची रीत अशी की पाणी आधी शेवटच्या बांधीला, मग उलट वर चढत यायचं. तलावाजवळच्या बांध्यांना तसाही झिरपा मिळतो. मालगुजाराचा माणूस होता तोवर ही रीत पाळली जायची. आता तलाव सरकारचा झाला होता, तुडूम उघडून पाणी सोडायला कुणीच नव्हतं. माझ्या मोठ्या चुलतभावानं, दुसऱ्या चुलत्याच्या मुलानं, ते स्वतःच उघडलं, आणि आपल्या बांध्यांच्या खाली पाटात मातीचा आडवा बांध घातला. काकी कुदळ घेऊन तो फोडायला गेली. भाऊ काठी घेऊन आला.

मी मध्ये पडलो. आशियातले तह ज्याला पाठ, त्यानं पडायचं नाही तर कुणी? मी कागद मागवला, ओसरीवर मांडी घातली आणि पहिलंच कलम असं लिहिलं की माझं मलाच कौतुक वाटलं: 'आज जो जसे पाणी घेत आहे तसेच त्याने घेत राहावे.' युद्ध थांबवायचं म्हणजे आधी जैसे थे. पेपरात याला पैकीच्या पैकी मिळाले असते.

काकी म्हणाली, "आज तर मले पाणीच नाई, बापू. मंग मी काय घेत राहू?"

भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "दिवाळी झाली का बांध काढून टाकतो. पर ते लिहू नको, लोकं म्हणतील बाईपुढे वाकला."

मी काकीकडे आलो. "काकी, अंगठा दे. दिवाळीनंतर बांध निघतो. मी शब्द देतो."

"तू आरमोरीले राह्यतं."

"शब्द इथं राहतो ना."

हे वाक्य मी खरोखर म्हटलं. तिनं अंगठा दिला.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस जोरात पडला, सगळ्यांचंच धान भरलं, आणि गावात माझा बोलबाला झाला. दिवाळीला बांध निघाला नाही, पण पाणी मुबलक असताना कोण पाहतो? मीही पाहिलं नाही. मार्चमध्ये नागपूरला जाऊन परीक्षा दिली. गुलिस्तानवर प्रश्न आला होता. इंग्रज वकिलाच्या तोंडी शब्दावर मी चार पानं इतकी तावातावानं लिहिली की हात दुखून आला.

पुढच्या साली रोवणा, म्हणजे धानाची लावणी, झाला आणि पोळ्यानंतर पाऊस गेला. काकीचा निरोप आला, ये. गेलो तर तलावाच्या काठी, पारीवर, पंच बसलेले, भावाच्या हातात माझा कागद. पटवाऱ्यानं तो मोठ्यानं वाचला. माझं अक्षर फार सुवाच्य, कुठं अडलं नाही.

"तोंडी ठरलं होतं," मी म्हणालो, "दिवाळीनंतर बांध काढायचा."

भाऊ हसला. "ठरलं असतं तर यानं लिहिलं नसतं काय? एम.ए. हाय तो."

पंचही हसले. काकी हसली नाही. पाटाच्या टोकाशी तिचं धान पोटरीत आलेलं होतं, आणि खालची जमीन चिरत चालली होती. दोन आठवड्यांत दाणा न भरताच लोंब्या पांढऱ्या झाल्या. तिनं त्या गाईसाठी कापल्या. मी विळा घेऊन मदतीला गेलो आणि पहिल्याच मुठीला बोट कापून घेतलं. तिनं पदराची चिंधी बांधून मला बांधावर बसवलं.

आरमोरीला येऊन मी फारशीमास्तरांना सारं सांगितलं. वाटलं, दोन शिव्या देतील आणि मन हलकं होईल. त्यांनी बिडी पेटवली. मग म्हणाले, "इंग्रज वकील निदान परका तरी होता, गुरुजी. तुम्ही तर घरचेच."

दिवाळीत काकीनं मला बोलावून घेतलं. म्हणाली, बियाणंही हाती राहिलं नाही, बांध्या तुझ्या भावाला देऊन टाकते, कागद तूच लिही.

"मी नको, काकी."

"तुहं अक्षर चांगलं हाय. पर आता मी सांगीन तसं लिहायचं. आपल्या मनानं काई नाई."

भावाच्या ओसरीवर बसून ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. मरेपर्यंत दोन वेळा जेवण. वर्षाला दोन लुगडी. निजायला मागची पडवी. आजारात पेज. भाऊ म्हणाला, "काकी, हे काऊन लिहून घेऊन राह्यली? घरचंच हाय."

"लिही," ती मला म्हणाली.

"चहा लिहू का?" मी विचारलं. तिला चहाची फार तल्लफ.

तिनं विचार केला. "लिही. सकाळचा."

दोनदा वाचून घेतलं, अंगठा दिला, आणि शाई लुगड्याला पुसली. मग ती उठून आपल्या दारातली गाय सोडून घेऊन आली आणि भावाच्या बायकोला म्हणाली, "सूनबाई, हिले कुठी बांधू?"