मान्यवरांची नावं

आमच्याकडे पाचचा कार्यक्रम सहाला सुरू होतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी आईला पावणेपाचलाच आणून दुसऱ्या रांगेत बसवलं, कारण मीही मूर्खच. यवतमाळच्या त्या सभागृहात छायाचित्रकार आणि लेखकांची संध्याकाळ होती. दोन छायाचित्रकार फोटो दाखवून बोलणार, आम्ही तीन लेखक वाचणार. माझा लेख आईवर होता. चार मिनिटांचा, आणि त्यातला पहिलाच शब्द तिचं नाव.

आईला वाचता येत नाही. घरीच वाचून दाखवते म्हटलं, तर तिनं उडवून लावलं. "घरी कायले? लोकायसमोर वाच. मी येतो ऐकाले." फक्त नेरकडच्या आमच्या गावाची शेवटची एसटी पावणेआठला, ती चुकवून चालणार नव्हतं. म्हैस तिच्याशिवाय कोणाला हात लावू देत नाही. म्हणजे साडेसातला तिला उठणं भाग होतं.

सहाला दीपप्रज्वलन. वात पेटेना म्हणून पंखे बंद केले, मग सगळे घामाघूम झाले म्हणून पुन्हा लावले, तर वात विझली. मग सत्कार. ज्यांना शाल-श्रीफळ मिळालं त्यांनी उठून शाल-श्रीफळ देणाऱ्यांना पुष्पगुच्छ दिले. प्रास्ताविक करणारे गृहस्थ "थोडक्यात सांगतो" म्हणाले, तेव्हाच मी घड्याळ पाहिलं. आणि जो माईकपाशी जाई तो आधी अध्यक्ष, उद्घाटक, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे अशी सगळ्यांची नावं पदव्यांसकट घेई. मंचावर नऊ जण होते. ते नऊ जण कोण आहेत हे एव्हाना आईलाही पाठ झालं असेल.

पहिल्या छायाचित्रकारानं पाणवठ्यावरचा वाघ दाखवला. अकरा फोटो. वाघ तोच, पाणवठा तोच, आणि प्रत्येक फोटोत प्रकाश कसा वेगळा आहे ते सविस्तर. आई माझ्या कानाशी आली.

"वाघ एकच हाय ना?"

"हो."

"मंग पुढं काहून नाई जाऊन राह्यला?"

एरवी मी हसले असते. पण सात वाजून गेले होते. मी वाकून वाकून सूत्रसंचालकांकडे गेले. "सर, आईची शेवटची गाडी आहे. मला आधी घेता का?"

"ताई, क्रम ठरलेला असतो," ते म्हणाले.

शेजारी दुसरा छायाचित्रकार आपल्या पाळीची वाट पाहत उभा होता. भला माणूस. "ताईंना घ्या आधी. माझे फोटो कुठं पळून जाते?" म्हणाला. त्याचे उपकार मी विसरणार नाही, आणि त्या उपकारांची मी काय माती केली तेही.

सात वीसला माझं नाव पुकारलं. दहा मिनिटं होती, लेख चार मिनिटांचा. आई सरसावून बसली, पदर नीट केला. मी माईकपाशी गेले, कागद उघडला, आणि माझ्या तोंडून निघालं, "आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष..."

तासाभरापासून ज्या गोष्टीवर मी दातओठ खात होते, तीच करत होते. थांबता येईना. एकाचं घेतलं की दुसऱ्याचं राहिलं तर तो रुसणार. सहाव्या नावाशी अडखळले, मागं जाऊन पहिल्यापासून घेतली. शेवटी पहिल्या रांगेतून चिठ्ठी आली: स्वागताध्यक्ष राहिले. मी क्षमा मागितली. नुसती क्षमा पुरेना, म्हणून त्यांच्या साहित्यप्रेमाबद्दलही बोलले. कोणी सांगितलं होतं?

मग लेखाकडे वळायच्या आधी मी मान वर केली. दुसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती.

लेख वाचला. टाळ्याही पडल्या. मी खाली उतरून सरळ बाहेर व्हरांड्यात गेले आणि आईला फोन लावला. मागं एसटीचा खडखडाट ऐकू येत होता.

"चांगलं बोलली," ती म्हणाली. "लय मोठमोठ्या लोकायची नावं घेतली. माहं कवा येते म्हणून थांबलो होतो. मंग गाडीची येळ झाली, बाई."