टाकीबाहेरचा पंप

आत्या गाडी कानांनी चालवते. वेगाचा काटा माझ्या जन्माआधीच शून्यावर झोपला आहे. गिअर कधी बदलायचा, इंजिन कधी दमलं, टायरमध्ये खडा कुठे अडकला, सगळं तिला ऐकू येतं. साठी उलटून गेली तरी आठवड्यातून दोनदा ती एकटी तंजावुरातून तिरुवैयारुला शेतावर जाते. वाटेत पाच नद्यांचे पूल लागतात. पुलाच्या कठड्यांवरून इंजिनाचा आवाज परत येतो, तेव्हा गाडीत कुणी बोलायचं नाही.

अलीकडच्या उन्हाळ्यांत मात्र ही जुनी, गोल पाठीची गाडी भर दुपारी मरायला लागली. इंजिनाच्या धगीने नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची आणि कार्ब्युरेटरपर्यंत काही पोचायचंच नाही. आत्या उतरून इंजिनाजवळच्या पंपावर ओला पंचा टाकायची, आणि मी सोबत असले की आम्ही दोघी करंजाखाली बसायचो. त्या बसण्याला काही माप नव्हतं. कोरडा कालवा, शेतांवर हलणारी हवा, आणि त्या हवेत जमिनीपासून वीतभर वर तरंगणारी नारळाची झाडं. आत्या फ्लास्कमधली कॉफी ओतायची, मी डोळे मिटायचे. उघडले की झाडं तशीच तरंगत असायची.

कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणारी यंत्रणा, बसवू या, असं मीच सुचवलं. आत्याने एकच अट घातली.

"काय हवं ते कर गो. पण ज्या दिवशी गाडी मला ऐकू येणार नाही, त्या दिवशी किल्ली तुमच्या हातात देईन आणि बसने जाईन."

राजवाड्यामागच्या गल्लीत आमच्या ओळखीचे मेकॅनिक आहेत. मी त्यांना अण्णा म्हणते. कार्ब्युरेटरच्या जागी बसणारा इंजेक्शनचा संच त्यांनी मागवून घेतला. प्रश्न राहिला पंपाचा. कार्ब्युरेटरला पेट्रोल घोटाघोटाने पाजलं तरी चालतं, इंजेक्शनला ते जोराने, सतत हवं असतं. जुन्या पंपाचं ते काम नव्हे.

अण्णांनी गाडीच्या धुळीवर बोटाने चित्रं काढून तीन वाटा सांगितल्या. एक, पंप गाडीखाली टाकीच्या शेजारी बसवायचा, तोही खालच्या अंगाला, कारण हे पंप ढकलतात छान पण ओढत नाहीत. दोन, डिकीत एक छोटी जादा टाकी ठेवायची, जुन्या पंपाने ती भरत राहायची आणि नव्या पंपाने तिच्यातून घ्यायचं. तीन, टाकी कापून पंप आतच बुडवायचा. पेट्रोलमध्ये तो थंड राहतो.

"आणि गप्प राहतो," ते म्हणाले.

डिकीत आत्या भाताची पोती नेते, तिथे पेट्रोल नको, म्हणून दुसरी वाट तिथेच संपली. उरल्या दोन. अण्णांचा कौल टाकीच्या आत पडला. माझा बाहेर.

माझे आईवडील पत्रकं काढायचे. वाळूउपशाविरुद्ध, बंद पडलेल्या बसफेरीसाठी, शेतमजूर बायकांच्या रोजासाठी. मी अक्षरं शिकले ती त्या शाईच्या वासात, तमिळ आधी, देवनागरी कितीतरी उशिरा. त्या वाचनातून एक गोष्ट अंगात मुरली: जे झाकून ठेवतात, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. यंत्रही त्याला अपवाद का असावं? बिघडलं तर रस्त्यावरच्या कुणालाही वाकून पाहता यावं, दुरुस्त करता यावं. टाकीत बंद केलेलं यंत्र म्हणजे मालकाला अडाणी ठेवण्याचा कट. हे मी अण्णांना जोरजोरात ऐकवलं.

"पाप्पा," ते लहान मुलीला म्हणतात तसं म्हणाले, "मी पंप बसवतोय. पक्ष काढत नाहीये."

पण पंप बाहेरच बसला. खाली रबराच्या चकत्या घालून, माझ्या हट्टाने.

पहिल्याच दिवशी, भर बाराच्या उन्हात, गाडी एकदाही न अडखळता धावली. मी खिडकीतून हात बाहेर काढून बसले होते. नद्या एकामागून एक मागे गेल्या, वाळूच्या पांढऱ्या, मधे पाण्याची एखादी रेघ. मागून पंपाचा एकसुरी आवाज येत होता. मला तो झोपेसारखा वाटत होता. स्वप्नात आपण चालतो आणि पाय जमिनीला लागत नाहीत, तसं काहीतरी.

तिसऱ्या पुलानंतर आत्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"गाडी झ्याक झालीय. पण मला तिचं काही ऐकू येत नाही. सारखं कानात ऊंऽऽ. मघाशी तिसऱ्या गिअरात होते की चौथ्यात, हात लावून बघावं लागलं."

"सवय होईल, आत्या."

"तुझ्या बापाच्या भाषणांची चाळीस वर्षांत झाली नाही, ह्याची कधी व्हायची?"

मी हसले. ती हसली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिली. तिला मी इतकी म्हातारी कधी पाहिली नव्हती. मी कुणाच्या तरी भल्याची मागणी केली होती, आणि जिच्या भल्याची केली तिलाच विचारलं नव्हतं. वाकून बघणाऱ्या त्या 'कुणालाही' मी किती जीव लावला होता. गाडी चालवणारी बाई शेजारीच बसलेली होती.

परतताना गाडी मी चालवली. दुसऱ्या सकाळी अण्णांकडे गेले आणि टाकी कापा म्हणाले.

ते "मी सांगितलं होतं" म्हणाले नाहीत. "आत बसवलं म्हणजे लपवलं, हे कुणी शिकवलं?" एवढंच विचारलं. डिकीच्या तळाला त्यांनी खिडकीएवढं झाकण ठेवायचं ठरवलं. सहा स्क्रू काढले की पंप हातात.

टाकी उतरवून दोन दिवस धुतली, वाफ पेट घेऊ नये म्हणून पाण्याने भरली आणि आगीविना, हातकरवतीने कापली. वळणावर पंपापासून पेट्रोल दूर पळू नये म्हणून आत पत्र्याच्या भिंती घातल्या. ते काम मी तासन्‌तास बघत बसायचे. कापलेल्या तोंडातून पाण्यावर आभाळ दिसायचं, आणि करवतीच्या प्रत्येक ओढीला ते थरथरायचं.

गाडी तयार झाली तेव्हा आत्याने किल्ली फिरवली. मागे क्षणभर बारीक गुणगुण झाली, मग इंजिन सुरू झालं आणि ती त्यात विरून गेली. आत्याने आम्हाला हातानेच गप्प केलं. डोळे मिटले. मग कपाळाला आठी पडली.

"पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय."

"शक्यच नाही, अम्मा," अण्णा म्हणाले. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिन गार ठेवणाऱ्या त्या पंपाला टेकवला, मुठीला कान लावला, आणि तोंड वाकडं करून मान हलवली. गेलं होतं.

गाडी पुन्हा दोन दिवस तिथेच राहिली, आणि त्या दिवशी पायी घरी येईपर्यंत आत्या रस्ताभर खुशीत बोलत होती.