कोरड्यातलं कासव

करिमाला कळा सुरू होऊन दीड दिवस उलटला, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, सरदारनं, इंदापुराहून शेळगावला छकडा पिटाळला. छकड्यातून उतरली ती द्वारकाबाई. पन्नाशीला टेकलेली, अंगानं काटक, बोलायला तुटक. पंचक्रोशीत तिच्यासारखी सुईण नव्हती. पोर पायाळू होतं. आलं ते निळंजांभळं आणि गप्प. जमलेल्या बायांनी तोंडाला पदर लावले. द्वारकाबाईनं पोराला पायाला धरून उलटं केलं, घशात करंगळी घालून पाणी काढलं आणि पाठ चोळत राहिली. इतका वेळ चोळत राहिली, की करिमाच्या सासूनं तिचा हात धरला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता." द्वारकाबाईनं हात झटकला. तेवढ्यात पोर किंचाळलं.

सरदार ट्रक चालवायचा. गुळाच्या ढेपा भरून पार काठेवाडापर्यंत जायचा. दोन महिन्यांनी, चैत्र लागता लागता, तो शेळगावच्या मळ्यात आला तो हातात करंडी घेऊन. करंडीत वीतभर कासव. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या कोरल्यासारख्या.

"मावशी, राजकोटाकडं एका म्हाताऱ्यानं दिलं. म्हनला, घरात बरकत ऱ्हाती. पन माझ्या दारात दोन कुत्री हायती. तुमच्या मळ्यात नांदंल."

द्वारकाबाईनं आजवर जे दूध देत नाही की राखण करत नाही, असं जनावर दारात ठेवलं नव्हतं. पण तिनं करंडीत हात घातला, कासवानं मान बाहेर काढून तिच्या अंगठ्याला नाक लावलं, आणि ती म्हणाली, "ठिव तितं."

कासव म्हणजे पाण्यातलं, हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. तिचा नवरा जोतीराम कालव्याच्या पाण्यावर वांगी आणि पेरू करायचा. पेरूच्या झाडाखाली पाटाच्या कडेला तिनं दगडांचं गोल रिंगण केलं आणि मधे घंगाळ भरून ठेवलं. कासवाला घंगाळात सोडलं तर ते चारी पाय मारत कडेला नखं खरवडायला लागलं. तिनं निम्मं पाणी ओतून दिलं. दूधभाकरी कुस्करून पुढं ठेवली. त्यानं ढुंकून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी ते ओल्या मातीत डोळे मिटून बसलं होतं, आणि नाकपुडीशी बुडबुडे येत होते.

असले बुडबुडे तिनं तान्ह्या पोरांच्या नाकाशी पाहिले होते. पावसाळ्यात गळक्या घरात जन्मलेली पोरं. त्यातली काही हाती लागली नव्हती. तिनं कासवाला ओट्यात घेतलं, पदरानं पुसलं, आणि नवं मूल तपासावं तसं पोटापासून शेपटापर्यंत तपासलं. पायांशी आल्यावर तिचा हात थांबला.

तिचं माहेर निरवांगीचं. नीरा नदीत ती पोहायला शिकली होती आणि नदीतली कासवं तिनं लहानपणी हाताळली होती. त्यांचे पाय वल्ह्यासारखे चपटे, बोटांमधे कातडं. आणि याचे? जाड, गोल, हत्तीच्या पायासारखे, खाली बोथट नखं.

"अवो," तिनं जोतीरामला हाक मारली. "हे पाण्यातलं न्हाय. आपुन ह्येला मारायला बसलोय."

"कासव आन पाण्यातलं न्हाय?"

"पाय बगा त्येचे. हे चालायचे पाय हायती."

त्याच दिवशी तिनं जागा बदलली. छपरामागं मुरमाचा उंचवटा होता, तिथं पाटाची ओल कधी पोचत नसे. अर्ध्यावर बाभळीची सावली, अर्ध्यावर ऊन. फुटका रांजण आडवा करून तिनं निम्मा जमिनीत पुरला आणि आत वाळलं गवत पसरलं. भोवती गुडघाभर दगडांची भिंत रचली, आणि कासव उकरून निसटेल म्हणून खालचा थर हातभर खोल पुरला. वरून कुत्र्या-मुंगसांसाठी बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. पाण्याला मातीचा परळ ठेवला, तोही इतका उथळ की पाणी त्याच्या गळ्यापर्यंत चढू नये. जोतीराम दगड वाहून देत होता.

"सोताच्या लेकींच्या लग्नात एवडी राबली न्हाईस," तो म्हणाला.

"लेकींस्नी तोंड हुतं, काय पायजे ते सांगायला."

दोन दिवस कासव रांजणातून बाहेर आलं नाही. तिनं घोळीची भाजी ठेवली, हरळी ठेवली, निवडुंगाची लाल बोंडं काटे काढून ठेवली. सकाळ-संध्याकाळ जाऊन ती वाकून बघे आणि परते. तिसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ते बाहेर आलं, बराच वेळ मान ताणून उन्हात उभं राहिलं आणि मग बोंडाचा लचका तोडला. विडा खाल्ल्यासारखं तोंड लाल झालं. आठवड्याभरात नाकाचे बुडबुडे गेले.

पण तोवर गावात बोलबाला झाला होता, आणि तो हिंदुरावांच्या कानावर गेला होता.

हिंदुराव म्हणजे जोतीरामचा थोरला भाऊ. शेजारचाच मळा. आदल्या साली त्यांनी पायऱ्यांची नवी विहीर बांधली होती, आणि त्याच विहिरीचं पाणी पिऊन त्यांच्या सुनेला, सारजाला, नारू झाला होता. घोट्याशी फोड फुटून दोऱ्यासारखा पांढरा किडा बाहेर आला होता. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. तुटला की पाय सडायचा. त्यात सारजा पोटुशी, पाचवा महिना. हिंदुरावांची झोप उडाली होती. कुणीतरी त्यांना सांगितलं, विहिरीत कासव सोडा, पाण्यातले किडे खाऊन टाकतं.

ते ओट्यावर येऊन बसले. द्वारकाबाई पदर पुढं ओढून दाराआड उभी राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण थोरल्या दिराशी ती कधी समोरासमोर बोलली नव्हती. बोलायचं ते जोतीरामला मधे घालून.

"जोतीबा, सोमवारी हिरीची पूजा घालतोय. ते कासव पायजे."

दाराआडून आवाज आला, "त्यास्नी सांगा, ते कोरड्यातलं कासव हाय. पाण्यात जगायचं न्हाय."

"तिला सांग, कासव हिरीत सोडायची रीत तिच्या जन्माच्या आदीची हाय."

"त्यास्नी सांगा, पाणी दुहेरी धडप्यानं गाळून प्या. किडं कापडात ऱ्हात्यात. आन नारू झालेल्याला पायरी उतरू देऊ नका, किडं तितनंच पाण्यात जात्यात. मी सारजालाबी सांगितलंय."

हिंदुराव उठले. चेहरा लाल झाला होता, पण आवाज चिरकला. "माजी पोर पाय घासत चालतीया, जोत्या. आन तुज्या बायकूला किड्यामुंग्यांची दया!"

ते गेल्यावर जोतीराम खाली मान घालून बसून राहिला. "दिऊन टाक की," एवढंच तो म्हणाला. ती घोळ खुडायला बांधावर गेली.

सोमवारी सकाळी धोंडाबाई माळणीच्या वस्तीवरून बोलावणं आलं. सुईणीला नाही म्हणता येत नाही. निघताना ती जोतीरामला म्हणाली, "हितनं हलू नका." मुलगी सुखरूप झाली, नाळ कापली, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत ती परत फिरली. वाटभर तिचं पाऊल चालण्यापेक्षा पळतच जास्त होतं.

काटेरी फांद्या बाजूला ओढलेल्या होत्या. भिंतीचे वरचे दगड पडलेले. रांजणात गवत तेवढं.

जोतीराम बाभळीला टेकून उभा होता. "दादा घिऊन गेला. म्या न्हाय म्हनलो, द्वारके. पन त्यो रडाय लागला."

तिनं कोपरापर्यंतचे रक्ताचे हातही धुतले नव्हते. तशीच बांध तुडवत ती विहिरीवर आली, मागोमाग जोतीराम. कठड्याला हळदकुंकू लावलेलं, नारळ फुटलेला. सारजा पाय लांब करून बसलेली. विहिरीत, भिंतीपासून दोन हातांवर, कासव एका कुशीवर कलून पाय मारत होतं. मारता मारता ते हळू पडलं. मग चांदण्यांची पाठ पाण्याखाली गेली.

"बगा, कसं बुडी मारून तळाला गेलं," कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

द्वारकाबाईनं कासोटा आवळला आणि पायऱ्या उतरू लागली.

"जोत्या, आवर तिला!" हिंदुराव ओरडले.

शेवटच्या पायरीवरून तिनं उडी घेतली. पाणी दीड पुरुष होतं. पहिल्या बुडीत हाताला गाळ लागला. दुसऱ्या बुडीत काहीच नाही. वर येऊन ती भिंतीला धरून धापा टाकत राहिली. नीरेत पोहणारी पोर आता अठ्ठेचाळीस वर्षांची होती.  तिसऱ्या बुडीला ती गेली ती इतका वेळ वर आली नाही, की जोतीराम धोतर खोचून पायऱ्या उतरायला लागला. तेव्हा पाणी फुटलं आणि एका हातात कासव वर आलं.

त्याची मान लोंबत होती. पाय आत ओढले जात नव्हते. पायरीवरच बसून तिनं त्याला उलटं धरलं, दोन बोटांनी मान सरळ ओढली आणि पुढचे दोन्ही पाय आत-बाहेर, आत-बाहेर करू लागली. नाकातोंडातून पाण्याची धार लागली. मग थेंब. मग काहीच नाही. ती थांबली नाही.

"पुजेचं कासव हुतं ते," वरून हिंदुराव म्हणाले. पण आता आवाजात जोर नव्हता.

द्वारकाबाईनं मान वर केली. डोक्यावर पदर नव्हता, केसांतून पाणी ठिबकत होतं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्या डोळ्यांत बघून बोलली.

"भावजी, हे तळाला मेलं असतं. चार दिसांत कुजलं असतं. आन त्येच पाणी सारजानं पेलं असतं. माजं नसंल ऐकायचं तर नका ऐकू. पन येत्या श्रावणात तिचं बाळतपन माज्याच हातावर हुनार हाय. जित्या जिवातला आन मरत्या जिवातला फरक मला कळतो, का न्हाय?"

 हिंदुराव कठड्यावर बसले.

विहिरीजवळच्या बाभळीच्या सावलीत, कोरड्या धडप्यावर तिनं कासव ठेवलं आणि हात चालू ठेवले. दुपार कलली. पूजेला आलेली माणसं एकेक करून पांगली. सारजानं स्वतःच्या खांद्यावरचा पदर फाडून कोरडं कापड दिलं. जोतीरामनं बायकोला पाणी आणून दिलं, ते तिनं न पिता बाजूला ठेवलं. हिंदुराव उठून जात नव्हते. दिवस मळ्याच्या कडेला टेकायला आला, तेव्हा कासवाच्या मागच्या पायाचं एक नख धडप्यात रुतलं. पुन्हा सुटलं. पुन्हा रुतलं. मग एक डोळा अर्धा उघडला.

द्वारकाबाईचे हात तेव्हा कुठं थांबले, आणि बाजूला ठेवलेलं पाणी तिनं घटाघटा प्यायलं.

नऊ दिवस कासवानं तोंडात काही घेतलं नाही. दहाव्या दिवशी घोळीचं पान खाल्लं. त्याआधीच एका सकाळी हिंदुराव पहार घेऊन आले होते. पडलेली भिंत त्यांनी एकट्यानं पुन्हा रचली. या वेळी कमरेइतकी उंच. काम झाल्यावर घाम पुसत ते जोतीरामकडं न बघता दाराकडं बघून म्हणाले, "सारजा आता गाळूनच पाणी पिती. पायऱ्याबी बुजवतोय. वर रहाट बसवायचा."

दाराआडून उत्तर आलं, थेट त्यांनाच. "बरं करताय. च्या घिऊन जावा."

आषाढात सारजाचा नारू अखंड निघाला. श्रावणात, भर दुपारी, तिला मुलगी झाली. नाळेत गुंतलेली होती, द्वारकाबाईनं सोडवली. बारशाला इंदापुराहून सरदार, करिमा आणि रांगतं पोर आलं. पोर रांगत रांगत थेट भिंतीशी गेलं आणि दगडांच्या फटीतून आत डोळा लावून बसलं. करिमा त्याला उचलायला धावली, तर द्वारकाबाई म्हणाली, "बगू दे त्येला. वरडत न्हाय तवर बगू दे."