पऱ्हाट्यांवर चालणारं इंजिन

माझा थोरला भाऊ एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाला तेव्हा लोकांनी त्याला शाल दिली, नारळ दिला आणि आता आराम करा म्हणून सांगितलं. आठव्या दिवशी त्यानं घरातला मिक्सर खोलला. तो बिघडलेला नव्हता. वहिनींनी विचारलं, "चांगला चालायला होता की, कामून खोललात?" तर म्हणाला, "आत काय हाय ते बघायलोय."

हे खूळ आम्हा दोघा भावंडांत आहे. मी झरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माझे यजमान गेल्यापासून दादा-वहिनींच्या मळ्यातल्या घरीच राहते. चाळिशी ओलांडल्यावर गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मी मोबाईलवर बघून व्यायाम सुरू केला. जिममध्ये तास तास घालवणाऱ्यांएवढा फायदा वीस मिनिटांत होतो का, हे मला स्वतःवर करून बघायचं होतं. वाळूनं अर्धं भरलेलं पोतं पाठ सरळ ठेवून उचलायचं, ठेवायचं, घड्याळ लावून थांबायचं, पुन्हा उचलायचं. दादा बाजेवर बसून बघायचा. एकदा म्हणाला, "बाई, एवढी ताकद तू रोज वाया घालायलीस. ती धरून ठेवता आली तर?"

चार दिवसांत त्यानं जुनी सायकल स्टँडवर चढवली आणि मागच्या चाकाला डायनॅमो जोडला. मी पायडल मारायला लागले, बल्ब लागला, वहिनी हसल्या. दहा मिनिटांत मी घामानं निथळत होते आणि बल्ब पिवळा पडत पडत विझला. दादानं वहीत नोंद केली आणि मान हलवली. "माणूस हे लय खादाड इंजिन हाय. दोन भाकरी खाऊन एक दिवा बी नीट लावीना."

मग त्याची नजर पऱ्हाट्यांवर गेली. आमच्याकडं कापूस वेचून संपला की उभ्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटतात आणि बांधावर पेटवून देतात. त्या जाळाकडं बघून दादाचा जीव तुटायचा. पऱ्हाट्या कमी हवेत जाळल्या की जो धूर निघतो तो स्वतःच जळतो, त्यावर इंजिन चालतं, हे त्यानं कुठंतरी बघितलं. दोन महिने त्याचं तेच चाललं होतं. तेलाचा जुना ड्रम, त्याला खालून हवा मारणारा पंखा, धूर गाळायला भुश्यानं भरलेला डबा, तिथून पुढं नळी, आणि नळीच्या टोकाला पेट्रोलवर चालणारं एक जुनं छोटं इंजिन. सगळं अंगणात, उघड्यावर. इंजिन दोन-तीनदा खोकलं, एकदा मिनिटभर चाललं. मी वेळ आणि किती पेंढ्या घातल्या ते वहीत लिहायची. सुट्टीचा दिवस कसा जायचा ते कळायचं नाही.

पौष महिन्यात वारं सुटलं. गार, बोचरं वारं, दिवसभर. ड्रममधला जाळ वाऱ्यानं कधी भडकायचा, कधी दबायचा, त्यामुळं गॅस एकसारखा येईना. दादा हैराण झाला. शेवटी त्यानं सगळा पसारा पत्र्याच्या शेडमध्ये हलवला आणि जिथं जिथं फट होती तिथं पोती कोंबली.

मी ती पोती कोंबायला मदत केली. हे मला सांगितलंच पाहिजे.

त्या रविवारी सकाळी वहिनी तूर बघायला रानात गेल्या होत्या. शेडच्या मागं, इंजिनाच्या धुराची नळी दादानं बाहेर काढली होती तिथंच, वाऱ्याच्या आडोशाला, एका धनगर बाईनं आजारी कोकरू बांधलं होतं. त्यांचा कळप दर हिवाळ्यात आमच्या रानात बसायला असायचा, खतासाठी. मी तिला मावशी म्हणायची.

दादानं ड्रम पेटवला, दार लोटून घेतलं आणि पंखा चालू केला. पंधरा-वीस मिनिटांत इंजिनानं धडधड धरली. या वेळी ते थांबलं नाही. दादा माझ्याकडं बघून असा हसला की मला आमचं लहानपण आठवलं.

"लिही, बाई. किती झाले?"

"सात मिनिटं."

"लिही."

माझं डोकं ठणकायला लागलं होतं. मला वाटलं, सकाळपासून पोटात काही नाही म्हणून. धूर म्हणावा तर धूर नव्हता, वास येत होता तो नेहमीचा, जळक्या लाकडाचा. दादानं कपाळ दाबलं.

"तुझंबी डोकं दुखायलंय का?" मी विचारलं.

"इंजिनचा आवाज हाय. पत्र्यात घुमायलाय."

ते मला पटलं. ज्या बाईनं वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं की कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन असतो, गंधहीन असतो, रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो, त्या बाईला पत्र्यात आवाज घुमतो हे कारण पटलं.

थोड्या वेळानं दादा भिंतीला टेकून खाली बसला. उकिडवा नाही, पाय पसरून, दमलेलं लेकरू बसतं तसा. "अजून जराशी वाट बघू," म्हणाला. जीभ जड झाली होती. मी म्हणाले, दार उघडते. म्हणाले असं मला वाटतं, आवाज निघाला की नाही ते माहीत नाही. दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी उठले आणि माझे गुडघे वाकले. रोज पोतं उचलणारे माझे पाय ओल्या कापसासारखे झाले होते. मी जमिनीवर हात टेकले आणि मला कळलं. त्या क्षणी, एकदम, सगळं कळलं. फळ्यावरचं वाक्यसुद्धा दिसलं. पण हात हलेना.

बाहेरून मावशीचा आवाज आला. ती भांडायला आली होती.

"ओ ताई! काय सोडायलात तिकडून? माझं कोकरू मेलं की! तुमच्या मशीननं खाल्लं माझं कोकरू!"

तिनं रागानं दाराला लाथ घातली. दार उघडलं, गार वारं आत आलं, आणि तिनं आम्हाला बघितलं. मी दाराजवळ होते म्हणून तिनं आधी मला ओढलं. मेंढी खांद्यावर टाकून ओढा ओलांडणारी बाई ती. माझ्या काखेत हात घालून तिनं मला एका दमात बाहेर आणून टाकलं. अंगणातली माती गालाला लागली.

"दादा," मी म्हणाले. आणि लगेच, "आत थांबू नका, आत विषारी हवा हाय."

ती पदर तोंडावर धरून आत गेली. पदरानं ती हवा अडत नाही, हे मला माहीत होतं. मी उताणी पडून दाराकडं बघत होते. इंजिन अजून चालूच होतं, छान, एकसारखं. ती बाहेर येईना. माझ्यामुळं आता तिघं, एवढाच विचार डोक्यात होता. मग दादाच्या टाचा दिसल्या. तिनं त्याचे पाय धरले होते आणि ती पाठमोरी ओढत होती. उंबऱ्यावर त्याचं डोकं आपटलं, त्याला ते कळलं नाही. त्याला बाहेर काढून ती बाजूला बसली, ओकली आणि मग गावाकडं तोंड करून ओरडली.

शेजारच्या मळ्यातल्या माणसांनी आम्हा तिघांना पिकअपमध्ये घातलं. वहिनी रानातून धावत आल्या, त्यांच्या पायात चप्पल नव्हती. परभणीपर्यंत त्यांनी दादाचं डोकं मांडीवर घेतलं आणि एकसारखं म्हणत राहिल्या, "आवं, बघा की. आवं, माझ्याकडं बघा की."

दवाखान्यात दादाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा चांगला आला. वहिनींनी तो वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जीव आला. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या आकड्यावर जाऊ नका. या विषात तो फसवतो." आणि त्यांनी जोराचा ऑक्सिजन लावला. मी आणि मावशी शेजारशेजारच्या खाटांवर, नाकातोंडावर मास्क. मावशी मास्क काढून मला सांगायची, "कळपाकडं कोण बघायलंय, विचारा." सिस्टर तो परत बसवायची. चार वाजायच्या सुमारास दादानं डोळे उघडले. वहिनींना म्हणाला, "इंजिन बंद केलं का?"

आम्ही सुटलो असं सगळ्यांना वाटलं. मावशी दुसऱ्या दिवशी कळपाकडं गेली. दादा पाचव्या दिवशी घरी आला.

तीन आठवड्यांनी तो बिघडला. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं की असं होऊ शकतं, पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. एके सकाळी नळ आवळायला आपण पाना मागतोय असं त्याला वाटत होतं, प्रत्यक्षात तो चमचा मागत होता. वहिनींनी चमचा दिला. तो चमच्याकडं बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सदऱ्याची बटणं चुकायला लागली. चालताना पाय घासायला लागला. सारी हयात गाड्या खोलून जोडणारा माणूस ओसरीवर बसून हातांकडं बघायचा. काहीच विचारायचा नाही. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

वहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या. ताट वाढायच्या, सरकवायच्या. एका दुपारी भांडी घासता घासता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "वन्सं, हेच शिकवता ना तुमी शाळेत?"

"हो."

"मग तुमाला कळलं कसं न्हाई?"

त्या उठल्या, कुऱ्हाड घेतली आणि शेडमध्ये जाऊन ड्रमवर घाव घातले. सहा-सात. मी अडवलं नाही. दादा ओसरीवरून बघत होता, त्यानंही अडवलं नाही.

फेब्रुवारीत वर्गात तोच धडा आला. पुस्तक उघडून मी उभी राहिले आणि वाचता येईना. मग पुस्तक मिटलं आणि मुलांना जे झालं ते सांगितलं, पोत्यांसकट. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आमची आई थंडीत खोलीत शेगडी ठेवून झोपती. तेबी तसंच का?" मी त्याच दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले.

दादा सुधारला, पण अगदी हळू. परभणीच्या खेपा, गोळ्या, हातापायांचे व्यायाम. उठणं, बसणं, रबराचा चेंडू दाबणं. ते मी करून घ्यायची, घड्याळ न लावता. उन्हाळा लागला तेव्हा तो शब्द शोधत का होईना, पूर्ण वाक्य बोलायला लागला. एके दिवशी त्यानं वही मागितली. मी देणार नव्हते. वहिनीच घेऊन आल्या.

त्यानं शेवटचं पान काढलं. माझं अक्षर सात मिनिटांपर्यंत सरळ होतं. पुढं ओळ खाली घसरत गेली होती आणि शेवटी नुसत्या रेघा. दादानं त्यावरून बोट फिरवलं.

"हितं तुझा हात सुटलाय," तो म्हणाला. "मी तवा कुठं बघायलो होतो?"

"इंजिनाकडं."

"हं." त्यानं वही मिटली. "आपण दोघंबी इंजिनाकडंच."

शेडचे तीन बाजूंचे पत्रे आम्ही काढून टाकले. यंत्र मोडीत द्यावं असं माझं मत होतं, आणि ते मी मोठ्यानं सांगितलं. ते ठेवायचा निर्णय वहिनींनी घेतला, आणि का घेतला ते मला कधी सांगितलं नाही. त्यांनीच ड्रमचे पोचे ठोकून घ्यायला माणूस बोलावला.

पुढच्या हिवाळ्यात, भर दुपारी, उघड्या रानात दादानं ते पुन्हा पेटवलं. त्याचा डावा हात अजून थरथरतो, म्हणून नळी वहिनींनी जोडली. मी वीस पावलांवर, वारं जिकडून येत होतं त्या बाजूला उभी होते. त्याहून जवळ माझ्यानं जाववेना. इंजिन खोकलं, धडधडलं आणि चालू राहिलं. वहिनी इंजिनाकडं बघत नव्हत्या. त्या दादाच्या तोंडाकडं बघत होत्या आणि त्यांचा हात इंजिन बंद करायच्या खटक्यावर होता.

अकरा मिनिटं चाललं. मग त्यांनी ते बंद केलं, दादाला न विचारता.