वलगावात भाजलेली अणुकेंद्रकं

बडनेऱ्याला गाडीतून उतरले ती टिपणं पुटपुटतच. दुसऱ्या दिवशी दुपारी अमरावतीच्या एका कॉलेजात माझं व्याख्यान होतं, जन्मातलं पहिलं. विषय पुण्यातल्या माझ्या संशोधनाच्या सरांनी सुचवलेला: अस्थिर अणुकेंद्रकांचे आकार. केंद्रक म्हणजे गोल गोळी असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात काही लांबट, काही चपटी, आणि मोजकी चक्क नासपतीसारखी असतात. हे नुसतं सांगून पटत नाही, दाखवावं लागतं.

मुक्काम जवळच वलगावला, मैत्रिणीच्या आईकडे. सकाळी काकूंकडून कणीक मागून घेतली, तिन्ही आकार वळले आणि परातीत झाकून आंघोळीला गेले. नासपती तर अशी जमली होती की माझं मलाच कौतुक वाटलं.

त्या दिवशी घरी रोडग्यांचा (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) बेत होता. बाहेर येते तर परात रिकामी आणि अंगणात धूर.

"काकू, माझे गोळे?"

"भाजले नं! मले वाटलं, पुण्याची पोरगी, गोल वळता येत नसन. कावून तोंड पाडून राहिली? तुपात बुडवले का सारे सारखेच लागते."

लांबट आणि चपटं काकांनी वरणात चुरलं. नासपती काकूंच्या ताटात गेली. मला रडूच यायचं बाकी होतं. तरी वांग्याच्या भाजीबरोबर दोन रोडगे हाणलेच, आणि व्याख्यानाला काकूंनाच साक्षीदार म्हणून सोबत घेतलं.

"खरी केंद्रकंही अशीच," परातीतले गोळे कसे खाल्ले गेले ते सांगून मी मुलांना म्हणाले, "बघेपर्यंत फुटून जातात. त्यांना धक्का द्यायचा आणि बाहेर पडणाऱ्या किरणांवरून आकार ओळखायचा. काकू, तुमचा रोडगा कसा भाजला?"

काकू उभ्या राहिल्या. "कायचा भाजला! निखाऱ्यात सिदा लोळेच ना, एकीकडंच वळे. जाड बाजू कच्ची, बारकं टोक कोळसा!"

"आकार कोणता?"

"नासपती!" अख्खा वर्ग ओरडला. टिपणांचा कागद मी तेव्हा कुठे पिशवीत टाकला.

निघताना काकूंनी डबा दिला. आत नासपतीच्या आकाराचा रोडगा, मुद्दाम वळलेला. "तुह्या सरांले दाखव."

बडनेरा सुटलं तेव्हा तो होता. अकोला आलं तेव्हा करपलेलं टोक तेवढं उरलं होतं. अस्थिर केंद्रकाच्या मानाने बराच टिकला म्हणायचा.

पुण्यात सरांपुढे मी डबा उघडला. त्यांनी ते टोक उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला.

"नासपती होती," सर म्हणाले. "आणि साजूक तूप. एकटीनेच खाल्लंस?"